डोमकावळे, हत्ती आणि गेंडा : मुलांबरोबर पाहिलेले लिस्बन

वसईचा किल्ला, गोव्याची चर्चे, मुंबई बेटाचे आंदण अशा आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात पोर्तुगिजांचे नाव सतत येत राहते. पण ज्या शहरातून ती गलबते निघत, ते लिस्बन पाहिलेली माणसे आपल्याकडे तुलनेने कमी भेटतात. ते पाहावे अशी माझी आणि माझ्या पतींची फार दिवसांची इच्छा होती. या मे महिन्याच्या अखेरीस, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई यांना घेऊन आम्ही ती पूर्ण केली. एवढ्या लहान मुलांना ऐतिहासिक शहर दाखवून काय उपयोग, असे काही आप्तांनी विचारले होते. माझे मत असे आहे की मुलांना इतिहास नको असतो असे नाही, त्यांना नुसती सनावळी नको असते. त्या काळातला, भूक लागणारा आणि भीती वाटणारा एखादा जीव त्यांना हवा असतो. लिस्बनमध्ये असे जीव जागोजागी दगडात कोरलेले आहेत, आणि आमचा सगळा प्रवास त्यांच्याच मागून झाला.

शनिवार

मुंबईहून दुबईमार्गे लिस्बनला पोहोचायला जवळजवळ एक पूर्ण दिवस जातो, आणि त्यातला दुबईनंतरचा आठ तासांचा टप्पा मुलांना जड जातो. सुदैवाने विमानतळ शहराला अगदी लागून आहे व मेट्रोची लाल मार्गिका थेट तेथून सुटते. लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात, त्यामुळे मुक्कामाची जागा आम्ही मुद्दाम बैशा या सखल, सपाट भागात घेतली होती. चढावरच्या घरांतून नदीचे दर्शन सुंदर होते हे खरे. परंतु दमलेले मूल कडेवर आणि गुडघे दुखणारी आजी मागे, अशा स्थितीत रोज संध्याकाळी शंभर पायऱ्या चढणे शहाणपणाचे नाही. लिफ्ट आहे की नाही हेही आधी विचारून घ्यावे, कारण जुन्या इमारतींत ती बहुधा नसते.

उन्हाळ्यात लिस्बनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. मुलांना झोपू न देता थोडे फिरवून आणावे म्हणून आम्ही रोसियो चौकाकडे निघालो. येथील पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या व बसाल्टच्या काळ्या लहान तुकड्यांनी बांधलेले आहेत आणि रोसियोत त्यांच्या लाटा केलेल्या आहेत. मुलगी फक्त काळ्या लाटांवर पाय ठेवत पुढे गेली. तिलाच प्रथम दिव्याच्या खांबावरचे जहाज दिसले, आणि त्या जहाजाच्या दोन टोकांवर बसलेले दोन पक्षी.

ते डोमकावळे होते, आणि जहाजासह ते या शहराचे मानचिन्ह आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झालेले संत व्हिन्सेंट यांचे शव उघड्यावर टाकले गेले, तेव्हा डोमकावळ्यांनी इतर प्राण्यांपासून त्याचे रक्षण केले, अशी कथा आहे. पुढे ११७३ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने त्यांचे अवशेष जहाजातून लिस्बनला आणवले आणि दोन डोमकावळे वाटभर त्या जहाजाबरोबर आले. सासूबाईंनी ही कथा फार शांतपणे ऐकली. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना मृत माणसाजवळ थांबलेला कावळा परका वाटण्याचे कारणच नव्हते. मुलांनी मात्र त्याच क्षणी ठरवून टाकले की रोज कोण जास्त कावळे शोधतो ते पाहायचे, आणि त्या खेळाने पुढे कित्येक चढ चढवून घेतले.

रविवार

मुले पहाटे चारला टक्क जागी झाली, कारण त्यांच्या शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेआठ वाजले होते. लहान मुलांसह युरोपात पश्चिमेकडे गेल्यावर पहिल्या दोन-तीन पहाटा अशाच जातात, आणि त्या झोपेसाठी भांडण्यात घालवण्यापेक्षा वापरून घ्याव्यात. लिस्बनची प्रसिद्ध २८ क्रमांकाची ट्राम दिवसा इतकी भरलेली असते की मुलांना श्वास घेणे अवघड व्हावे, शिवाय खिसेकापूंची भीती. पण रविवारी भल्या सकाळी मार्तीम मोनीझच्या थांब्यावर आम्हांला सगळ्यांना बसायला जागा मिळाली. या ट्राम लहान, पिवळ्या, आतून लाकडी आहेत. रूळ जेमतेम ९०० मिलिमीटर रुंदीचे असल्याने त्या अशा गल्ल्यांत शिरतात की हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. मुलगा चालकाच्या मागे उभा राहून पितळी दांडा कसा फिरतो ते पाहत राहिला.

पोर्तास दो सोल या सज्जासारख्या चौकात आम्ही उतरलो. समोर आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौले उतरत उतरत तेजो नदीपर्यंत जातात, आणि चौकात संत व्हिन्सेंटचा पुतळा उभा आहे, ज्याच्या हातात जहाज आहे व जहाजावर दोन डोमकावळे. दोन्ही मुले एकदम ओरडली. दिवसाची सुरुवात इतकी चांगली झाल्यावर तेथून साओ जॉर्ज किल्ल्याचा चढ त्यांनी तक्रार न करता पार केला. ज्यांना चालणे जमणार नाही, त्यांच्यासाठी प्रासा दा फिगेइरा येथून ७३७ क्रमांकाची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. परतताना सासूबाईंनी तिचाच उपयोग केला.

हा किल्ला मुळात मुसलमानी अमलातला. ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिक्सने, पवित्र भूमीकडे निघालेल्या क्रूसयोद्ध्यांच्या मदतीने, वेढा घालून तो घेतला. तटावरून फिरता येते, परंतु कठडे काही ठिकाणी बुटके आहेत व पायऱ्या उंच आहेत, म्हणून प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस हवेच. रायगड-सिंहगड पाहिलेल्या मुलाला बुरूज, जंग्या आणि पाण्याची टाकी ओळखीची वाटली. खरा आनंद त्याला वेगळ्याच गोष्टीचा झाला. किल्ल्याच्या बागेत मोर मोकळे फिरतात, आपले निळे भारतीय मोर, आणि ते पर्यटकांच्या टेबलांखालून पावाचे तुकडे उचलतात. एका मोराने तटाच्या भिंतीवर चढून केका दिली तेव्हा शेजारच्या युरोपीय कुटुंबातली लहान मुले दचकली आणि आमच्या मुलीने त्यांना हातवारे करून, घाबरू नका, असे सांगितले.

उतरताना से कॅथेड्रलपाशी घंटा सुरू झाली. मुलाने विचारले की ही मेणवलीसारखीच घंटा आहे का. मेणवलीच्या घाटावरील मंदिरात त्याने पाहिलेली मोठी घंटा, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा आणि आणखी काही देवळांतल्या घंटा या चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चांमधून आलेल्या आहेत. आपल्याकडे देवळात वाजणारी घंटा मुळात अशाच मनोऱ्यात टांगण्यासाठी ओतलेली होती, हे त्याला येथे उभे राहून समजले, आणि ते घरी कितीही सांगितले असते तरी समजले नसते.

सोमवार

सोमवारी येथील सरकारी संग्रहालये बंद असतात, म्हणून तो दिवस मत्स्यालयाला दिला. १९९८ मध्ये वास्को द गामाच्या सफरीला ५०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने येथे जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी शहराच्या पूर्वेकडील तेलशुद्धीकरण आणि गोदामांनी खराब झालेली नदीकाठची जमीन स्वच्छ करून घेतली गेली आणि तेथे हे मत्स्यालय उभारले. मधल्या एकाच टाकीत सुमारे ५० लाख लिटर पाणी आहे. तिच्याभोवती चार कोपऱ्यांत चार महासागरांचे किनारे केले आहेत, ज्यांपैकी एक उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचा आहे. शार्क, पंख पसरून जाणारे वाघळी मासे आणि शेपटीच नसल्यासारखा दिसणारा प्रचंड सनफिश मुलीच्या नाकासमोरून जात राहिले. सागरी पाणमांजर पाठीवर तरंगत स्वतःचे तोंड चोळत होते, त्यासमोरून तिला उठवायला बराच वेळ लागला.

बाहेरच्या बागांत सपाट रस्ते, पाण्याचे कारंजे आणि नदीवरून जाणारा पाळण्यांचा रज्जुमार्ग आहे, आणि समोर १७ किलोमीटरहून लांब वास्को द गामा पूल. जवळच बोर्दालो दुसरा या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने टाकाऊ प्लॅस्टिक व भंगारातून केलेला आयबेरियन लिंक्स, म्हणजे येथील नामशेष होता होता वाचलेला रानमांजराच्या कुळातला प्राणी, उभा आहे. समुद्रातल्या कचऱ्याविषयी मत्स्यालयात पाट्या वाचण्यापेक्षा हा कचऱ्याचाच प्राणी पाहून मुलाने अधिक प्रश्न विचारले.

मंगळवार

मंगळवारी व शनिवारी सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरतो. तुटक्या फरशा, पितळी कड्या, जुनी नाणी, बाहुल्या जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि मुलांना एकेक युरो देऊन मोकळे सोडता येते. मुलीने चिनी मातीची पाकोळी घेतली. अशा पाकोळ्या येथील घरांच्या भिंतींवर लावतात. बाजाराच्या शेजारीच साओ व्हिसेंट द फोरा, म्हणजे त्याच संत व्हिन्सेंटच्या नावाचा मठ आहे, आणि तो पाहावा असे मी मुलांसह जाणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन, कारण बेलेम या नदीमुखाजवळच्या प्रसिद्ध भागात होणारी गर्दी येथे नसते आणि मुलांसाठी येथे कितीतरी अधिक आहे.

वरच्या मजल्यावर ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या नीतिकथांवरील निळ्या-पांढऱ्या फरशांची ३८ चित्रे मांडलेली आहेत. लांडगे, कोल्हे, सिंह, पक्षी, सगळे अठराव्या शतकातल्या चित्रकाराने महिरपी आणि फुलांच्या चौकटींत बसवलेले. मुले एकेका चित्रासमोर बसून गोष्ट ओळखू लागली, आणि जी ओळखता आली नाही ती सासूबाई रचून सांगू लागल्या. यात मनाला भिडणारी बाब अशी की ला फोंतेनने आपल्या कथांच्या १६७८ मधील दुसऱ्या संग्रहाच्या आरंभी स्वतःच लिहून ठेवले आहे की, यातला बराचसा भाग तो पिल्पाय या भारतीय ऋषीचा देणे लागतो. पंचतंत्र अरबी-फारसीतून युरोपात पोहोचले, तेथून फ्रेंचमध्ये गेले, आणि त्याच्या छायेत वाढलेल्या कथा पोर्तुगिजांच्या मठाच्या भिंतीवर चढल्या. सासूबाई ज्या गोष्टी पुण्यात झोपताना सांगतात त्यांचे आप्त त्यांना येथे निळ्या रंगात भेटले. त्या एका दालनात आमची सगळी सकाळ गेली आणि मला त्याची किंचितही घाई वाटली नाही.

याच मठात ब्रागांझा राजघराण्याची समाधिस्थाने आहेत. त्यांत कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिची शवपेटी आहे, जिच्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी झालेल्या विवाहाच्या १६६१ मधील करारात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले. विधवा झाल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये येथेच वारली. मुलाने विचारले, “तिने मुंबई पाहिली होती का?” पाहिली नव्हती. “मग मुंबईतल्या लोकांना कोणी विचारले होते का?” तेही नव्हते. चार वर्षांनी बेटाचा ताबा दिला गेला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, हे त्याच्या वडिलांनी सांगितले, तेव्हा दहा पौंडांत आज काय मिळते असा हिशेब त्याने मांडला. मठाच्या छतावर जाता येते; तेथून नदीचे पात्र समुद्रासारखे रुंद दिसते.

त्या दिवशीच्या जेवणाच्या निमित्ताने खाण्याविषयी येथेच लिहिते. सासूबाई शाकाहारी आहेत आणि लिस्बन मासे-मांसाचे शहर आहे, तरी अडचण आली नाही. भाज्यांचे सूप जवळजवळ प्रत्येक उपाहारगृहात असते. हिरव्या पानांच्या काल्दो व्हेर्दे या सूपमध्ये सॉसेजची चकती घालतात, ती नको असे आधी सांगावे लागते. भात, राजम्यासारख्या शेंगांचे दाणे, चीजचे टोस्ट, ऑम्लेट आणि फळे सहज मिळतात. अनेक ठिकाणी अर्धी थाळी मागता येते व ती दोन मुलांना पुरते. बसल्याबरोबर टेबलावर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असल्यास ते नम्रपणे परत करावे, कोणी राग मानत नाही. रात्रीचे जेवण उशिरा मिळते, म्हणून मुलांना संध्याकाळी सहाला बेकरीत खाऊ घालून न्यावे हे बरे. मार्तीम मोनीझच्या आसपास तांदूळ, डाळी आणि कोथिंबीर विकणारी दक्षिण आशियाई दुकाने आहेत. तेथून सामान आणून दोन रात्री घरी वरण-भात केला.

बुधवार

बेलेमला १५ क्रमांकाची ट्राम जाते. ज्या दिवसाची मुलगा वाट पाहत होता तो हा दिवस, कारण येथे गेंडा होता.

गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने भारतातील पोर्तुगिजांचा गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याच्या वकिलांना एक गेंडा भेट दिला. पोर्तुगिजांना दीवला किल्ला बांधायचा होता. ती परवानगी सुलतानाने दिली नाही आणि तिच्याऐवजी भेटी दिल्या. अल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून तो गेंडा राजा मॅन्युएल पहिला याच्याकडे रवाना केला, आणि आफ्रिकेला वळसा घालून सुमारे चार महिन्यांनी, २० मे १५१५ रोजी, तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. लोक त्याला गंडा म्हणत, म्हणजे आपलेच नाव त्याच्याबरोबर गेले होते. न्युरेम्बर्गच्या ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो कधी न पाहता, कोणी पाठवलेल्या पत्रावरून व रेखाटनावरून, त्याचे चिलखत घातल्यासारखे चित्र लाकडी ठशावर कोरले, जे पुढे शतकानुशतके छापले गेले. आम्ही ते चित्र बरोबर नेले होते.

त्या वर्षी बेलेमचा बुरूज बांधला जात होता. नदीच्या मुखाशी, पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या या बुरुजाच्या एका कोपऱ्यातील टेहळणीच्या मनोऱ्याखाली, त्याला पेलणाऱ्या दगडात, गेंड्याचे डोके कोरलेले आहे. त्यासाठी बुरुजाच्या आत जाण्याची गरज नाही आणि अरुंद गोल जिन्यात लहान मुलांना नेण्याचीही नाही. काठावरून पश्चिम बाजूला जाऊन खालून वर पाहावे लागते. पाच शतकांच्या वाऱ्या-पाण्याने शिंग झिजले आहे, तरी थोराड डोके आणि मान ओळखू येते. मुलाने ड्यूररचे चित्र वर धरून तुलना केली आणि दगडातला गेंडा जास्त खरा आहे असा निकाल दिला. तो बरोबर होता, कारण ड्यूररने गेंड्याच्या पाठीवर नसलेले एक लहान शिंग घातले आहे. मुलीचा प्रश्न साधा होता: “त्याला यायचे होते का?”

या प्रश्नानंतर जेरोनिमोस मठ पाहणे मला सोपे गेले नाही, आणि ते योग्यच झाले. १५०१ च्या सुमारास सुरू झालेले हे बांधकाम आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरील पाच टक्के करातून, म्हणजे मुख्यतः मसाल्यांच्या पैशातून झाले. खांबांवर दोरखंड, प्रवाळ, शिंपले कोरलेले आहेत आणि कारागिरी अशी आहे की दगड विणल्यासारखा वाटतो. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची समाधी आहे व दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. आत गाभाऱ्यात राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींनी पाठीवर पेललेल्या आहेत, आणि मुले त्या हत्तींपाशीच रमली.

गामाच्या समाधीपाशी मुलाला काय सांगावे याचा आम्ही दोघांनी आधी विचार केला होता. त्याने भारत शोधला असे आम्ही सांगितले नाही, कारण कालिकत तेव्हा अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांनी गजबजलेले बंदर होते आणि तेथे जाण्याचा मार्ग गामाला आफ्रिकेतील मालिंदीहून बरोबर घेतलेल्या माहीतगार नावाड्याने दाखवला. दुसऱ्या सफरीत त्याने हजच्या यात्रेहून परतणारे जहाज माणसांसह जाळले, हे मुलाच्या वयाला झेपेल एवढ्या शब्दांत सांगितले. तो कोचीला १५२४ मध्ये वारला आणि त्याची हाडे नंतर येथे आणली, हेही सांगितले. जवळच नदीकाठी १९६० मध्ये उभारलेले दर्यावर्दींचे स्मारक आहे, ज्यावर ३३ आकृती आहेत आणि त्यांत स्त्री एकच. ज्यांच्या किनाऱ्यांवर ही जहाजे गेली त्यांतला कोणी नाही. स्मारकापुढे जमिनीवर संगमरवरात जगाचा मोठा नकाशा आहे. मुलीने तेथे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बसून घेतले आणि आजीला हाक मारून जवळ बसवले.

बेलेमच्या १८३७ पासून चालत आलेल्या दुकानातील अंड्याच्या बलकाच्या टार्टविषयी सर्वांनी लिहिले आहे, म्हणून थोडक्यात सांगते: बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते, आत बसायला पुष्कळ खोल्या आहेत, आणि वरून दालचिनीची पूड अवश्य घालावी. गोव्याच्या बिबिंकेतही बलकच भरपूर असतो. ती आवडणाऱ्याला हे टार्ट आवडेलच.

गुरुवार

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. त्यामागून नदीमुखातून समुद्राच्या लाटा आत आल्या, आणि वेदीवरच्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. हजारो माणसे मेली. कार्मोच्या मठाचे छत तेव्हा कोसळले ते पुन्हा घातलेच नाही. उघड्या आकाशाखाली नुसत्या टोकदार कमानी उभ्या आहेत आणि खाली गवत आहे. भूकंप म्हणजे काय हे मुलाला येथे एका दृष्टीक्षेपात कळले. आतल्या लहान संग्रहालयात पेरू देशातील ममी काचेच्या पेट्यांत ठेवल्या आहेत, ज्या चार वर्षांच्या मुलीने पाहू नयेत असे मला वाटले. ती आजीबरोबर बाहेरच्या चौकात, फुलांनी निळ्या-जांभळ्या झालेल्या नीलमोहोराखाली बसली. हाच तो चौक, जेथे २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करी बंडानंतर हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानाने शरणागती पत्करली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस. सासूबाईंच्या माहेरचे एक नातलग गोवा सत्याग्रहात तुरुंगात होते. त्यांनी त्या चौकात हात जोडले.

तेथून खाली बैशाच्या सरळ रस्त्यांतून आम्ही नदीकडे आलो. भूकंपानंतर पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने हा भाग चौकोनी आखणीत नव्याने बांधवला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला, जो धक्क्याबरोबर हलतो पण मोडत नाही, आणि त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पावले आपटत चालवून तो तपासला असे सांगतात. ज्या घरात आम्ही राहत होतो त्याच्याही भिंतीत असा सांगाडा असेल, या कल्पनेने मुलाने त्या रात्री भिंतीवर टकटक करून पाहिले. राजा जोझे मात्र इतका घाबरला होता की तो पुढे विटा-दगडांच्या छताखाली राहिलाच नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडाचा व कापडाचा राजवाडा उभारला.

प्रासा दो कोमेर्सियो हा नदीला उघडा असलेला भव्य चौक म्हणजे भूकंपात नष्ट झालेल्या रिबेइरा राजवाड्याची जागा. गेंड्याची पुढची गोष्ट येथली आहे. हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असतात असे जुन्या ग्रंथांत लिहिलेले होते, ते खरे की खोटे पाहण्यासाठी राजा मॅन्युएलने या राजवाड्याजवळ दोघांना समोरासमोर आणले. गेंडा शांतपणे पुढे चालत गेला, आणि गर्दीला बुजलेला तरुण हत्ती पळून गेला. चौकाच्या मध्यभागी जोझे राजाचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याचा घोडा पायांखाली साप तुडवतो. पण मुलांनी शोधून काढला तो चौथऱ्याच्या बाजूला कोरलेला हत्ती. तोच पळालेला हत्ती आहे, असे मुलीने ठरवले. तसे नाही हे तिच्या भावाने सनासह समजावून सांगितले, तरी ती ठाम राहिली.

शुक्रवार

सकाळ एस्त्रेला बागेत घालवली. बदके, घसरगुंड्या, लोखंडी नक्षीचा बँडस्टँड आणि सावलीतली बाके एवढेच तेथे आहे आणि पाच दिवसांच्या दगडांनंतर तेवढेच हवे होते. मुलांच्या प्रवासात अशी एक रिकामी सकाळ आखूनच ठेवावी.

दुपारी काइश दो सोद्रेहून फेरीबोटीने दहा मिनिटांत पलीकडच्या कासिल्यासला गेलो. उतरताच समोर डोम फेर्नांदो दुसरा ई ग्लोरिया हे शिडांचे लढाऊ जहाज कोरड्या गोदीत उभे आहे, आणि ते दमणला बांधलेले आहे. नगरहवेलीच्या जंगलांतील सागवान दमणच्या गोदीत आणून १८४३ मध्ये ते पाण्यात सोडले. त्यानंतर ते लिस्बन-गोवा मार्गावर वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिले. शेवटी त्यावर गरीब मुलांची शाळा भरत असे. १९६३ च्या आगीत ते जळाले, बरीच वर्षे तेजोच्या चिखलात पडून होते, आणि १९९८ च्या प्रदर्शनासाठी पुन्हा बांधले गेले. पालघरच्या पलीकडचा साग लिस्बनच्या नदीकाठी हाताखाली लागतो ही जाणीव विलक्षण आहे. सासूबाईंनी बराच वेळ तुळईवर तळहात ठेवला होता. मुले तोफांच्या मधून वाकून फिरली, खलाशांच्या झुल्यांसारख्या बिछान्यांखाली गेली, आणि मुलाने विचारले की गेंड्याला एवढ्याच जागेत चार महिने उभे केले होते का. त्याचे जहाज याहून लहान होते.

राहिलेली गोष्ट डेकवर सांगितली. मॅन्युएलने तो गेंडा फुले लावलेला हिरवा मखमली पट्टा घालून पोप लिओ दहावा याला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडे चांगले पोहतात, काझीरंगात पूर आला की ते पोहून उंचावर जातात. पण हा डेकला साखळदंडाने बांधलेला होता. मुलगा रागावला. साखळी सोडायला किती वेळ लागला असता, असे त्याने दोनदा विचारले आणि त्याच्या वडिलांनी, काही क्षण, असे खरे उत्तर दिले. मुलगी म्हणाली की तो सुटला आणि पोहत घरी गेला. तिला कोणी दुरुस्त केले नाही, भावानेही नाही.

शनिवार

परतीचे विमान दुपारचे होते. सिंत्राचे रंगीत राजवाडे आणि विहिरीत उतरणारा गोल जिना आम्ही पाहिला नाही, फरशांचे संग्रहालय आणि राजघराण्याच्या बग्ग्यांचे संग्रहालयही राहिले. रोसियो स्थानकातून सिंत्राची गाडी चाळीस मिनिटांत पोहोचते, पण तेथला दिवस रांगा आणि चढ यांचा आहे व तो मुलगी सहा-सात वर्षांची झाल्यावर अधिक चांगला जाईल असे आम्हांला वाटले. मेट्रोत बसेपर्यंत दोन्ही मुले खांबांवरचे कावळे मोजत होती. मुलाच्या वहीप्रमाणे शेवटी बहीण पुढे होती.